एका तबकडीवरचा इतिहास

२५ जून १९७५ च्या रात्री देशावर लादल्या गेलेल्या आणीबाणीला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आमच्या तालुक्यातील सत्याग्रही आणि मिसाबंदी कार्यकर्त्यांच्या आठवणींचे एक छोटेखानी पुस्तक काढावे, असे ठरले होते. सामग्री नव्याने जमवावयाची नव्हती. २०१२ ते २०१५ या काळात तिघा कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून ४३ जणांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या; त्यांतील बहुतेक टंकलिखितही झाल्या होत्या. प्रस्तुत लेखक त्या तिघांपैकी एक. कार्यालयातील संगणकावर सारे काही व्यवस्थित ठेवलेले आहे, या समजुतीत आम्ही दहा वर्षे निश्चिंत होतो.

एप्रिल महिन्यातील एका सकाळी तो संगणक सुरू केला, तेव्हा पडदा काळाच राहिला आणि आतून टक्‌ टक्‌ असा ठरावीक अंतराने आवाज येऊ लागला. पुढील अर्ध्या तासात जे घडले, ते कोणत्याही घरात किंवा कार्यालयात घडते तसेच घडले. ‘पुन्हा एकदा लावून पाहू’ असे म्हणत तो संगणक किमान सहा वेळा बंद-चालू करण्यात आला. एकाने बाजूने दोन थापट्या मारून पाहिल्या. दुसऱ्याने, हार्डडिस्क काढून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावी आणि रात्रभर शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, असे सुचविले. हा उपाय कोठून आला कोण जाणे. पण तो आजही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. आमच्या कार्यालयात शीतकपाट नव्हते, एवढ्याच कारणाने ती हार्डडिस्क त्या संकटातून बचावली.

मग प्रश्न निघाला, दुसरी प्रत कोठे आहे? कार्यवाहांची समजूत अशी की, ती माझ्याकडे आहे. माझी समजूत अशी की, ती पुण्याला पाठविलेली आहे. पुण्याला दूरध्वनी केला, तेव्हा तेथील कार्यकर्त्याने शोधाशोध करून सांगितले की, २०१४ मध्ये ई-मेलने आलेल्या चार मुलाखती तेवढ्या आहेत. ध्वनिमुद्रणाचे लहान यंत्र प्रत्येक दौऱ्यापूर्वी आम्हीच रिकामे करीत होतो. मधल्या काळात कार्यालयाचा जुना संगणक भंगारात गेला होता. म्हणजे ४३ माणसांनी सांगितलेला दोन वर्षांचा इतिहास केवळ एका तबकडीवर उभा होता, आणि ती तबकडी आता टक्‌ टक्‌ करीत होती.

त्या ४३ जणांपैकी २९ जण आता हयात नाहीत.

ही हकिगत सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की, तीत दोष यंत्राचा कमी आणि आमचा अधिक होता, आणि तो दोष केवळ आमच्या तालुक्यापुरता असावा असे मला वाटत नाही.

प्रथम यंत्राविषयी. हार्डडिस्कच्या पोटात आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या या वेगाने फिरत असते. तिच्यावर लिहिणारे आणि वाचणारे सूक्ष्म शीर्ष तबकडीला स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अशा अंतरावर तरंगत असते. हे शीर्ष बिघडले की ते आपली जागा शोधत पुन:पुन्हा आपटते. टक्‌ टक्‌ हा आवाज बहुधा त्याचाच. अशा वेळी यंत्र पुन:पुन्हा सुरू करणे म्हणजे ज्या पाटीवर अक्षरे लिहिलेली आहेत, त्याच पाटीवर खिळा ओढणे होय. आवाज ऐकू आला की वीज तोडावी आणि हात जोडावेत. याहून अधिक काही घरी करू नये. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास तबकडीवर दव साचते आणि उरलीसुरली आशाही संपते.

यंत्र धडधाकट असून केवळ धारिका चुकून पुसली गेली असेल, तर गोष्ट निराळी. संगणक धारिका पुसतो म्हणजे ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव खोडतो आणि ती पाने रिकामी झाली असे समजतो. पाने तेथेच असतात. त्यांच्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत ती वाचता येतात. म्हणूनच त्या क्षणापासून त्या संगणकावर काहीही नवे साठवू नये. पुसलेले शोधून देणारी प्रणालीसुद्धा त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये. कारण ती नेमकी त्याच ‘रिकाम्या’ पानांवर जाऊन बसू शकते. हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिची जशीच्या तशी प्रतिकृती करून घ्यावी आणि शोध त्या प्रतिकृतीत घ्यावा. टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारख्या प्रणाली त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. अलीकडील संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते. ती वेगवान खरी, परंतु पुसलेली जागा ती स्वत:हूनच साफ करून टाकते. तेथे पुसलेले परत मिळण्याची शक्यता फारच थोडी उरते. नव्या संगणकांची डिस्क पुष्कळदा सांकेतिक कुलुपात बंद असते आणि बिघाडानंतर ते उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली मागितली जाते, हेही अनेकांना ती मागितली गेल्यावरच कळते.

आमची हार्डडिस्क अखेर मुंबईतील एका प्रयोगशाळेत गेली. तेथे धूळविरहित खोलीत ती उघडण्यात आली. त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कमधील शीर्ष काढून तिला बसविण्यात आले आणि तबकडीचा एक-एक अंश वाचून प्रतिकृती उतरवून घेण्यात आली. तीन आठवडे लागले. खर्च ४५,००० रुपये आला. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या कार्यालयाच्या खर्चाच्या वहीत हा आकडा लिहिताना कार्यवाहांचा हात अडखळला. तेवढ्या पैशांत दुसऱ्या प्रतीसाठी दहा डिस्क आल्या असत्या. अर्थात, हे गणित सर्वांनाच मागाहून सुचते.

हाती आले ते असे : ३१ ध्वनिमुद्रणे अखंड, सात तुटक, पाच कायमची गेलेली. परंतु वाचलेल्या धारिकांची नावे नाहीशी झाली होती. प्रत्येकीला यंत्राने दिलेला एक लांबलचक क्रमांक, एवढीच तिची ओळख. कोणती मुलाखत कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या दिवशीची, याचा पत्ता नाही. टंकलिखित मुलाखतींची अवस्था आणखी विचित्र होती. त्या उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि उद्‌गारचिन्हे यांचा अर्थहीन सडा पडे.

याचे कारण मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी, आणि मुद्रणालयांतून तर त्यानंतरही कित्येक वर्षे, आपण जे मराठी टंकलेखन करीत होतो, ते संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. संगणक रोमन अक्षरेच साठवीत होता. त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढविण्याचे काम विशिष्ट फाँट करीत असे. तो फाँट गेला की मुखवटा गेला. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले होते आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान होते. तरीही पुढे कितीतरी वर्षे ज्याचा-त्याचा फाँट निराळा आणि ज्याची-त्याची कळरचना निराळी, असाच कारभार चालू राहिला. त्या काळातील स्मरणिका, गौरवग्रंथ, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि नियतकालिकांचे जुने अंक आज कितीएक मुद्रणालयांतील संगणकांवर अशाच अवस्थेत पडून आहेत. धारिका शाबूत, परंतु वाचणारे कोणी नाही. ज्याला आपण साठविणे म्हणत होतो, ते प्रत्यक्षात पुरणे होते.

आमच्या नगरातील एका संगणक अध्यापिका भगिनीने ते काम अंगावर घेतले. तो जुना फाँट एका निवृत्त अक्षरजुळणीकाराच्या घरी सीडीवर सापडला. परिवर्तन करणारी प्रणाली चालविल्यावर बहुतेक मजकूर देवनागरीत उमटला. मात्र रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेले, जोडाक्षरे फुटलेली. ‘कार्यकर्त्यांच्या’ हा शब्द एकाही पानावर सरळ आला नाही. तो या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारा शब्द असावा, हा योगायोग त्या भगिनीला मुळीच गमतीचा वाटला नाही.

ध्वनिमुद्रणांची ओळख पटविण्यासाठी दर रविवारी सायंकाळी कार्यालयात ऐकण्याची बैठक बसू लागली. हयात असलेल्या सत्याग्रहींना, दिवंगत कार्यकर्त्यांच्या घरच्या मंडळींना बोलावणे पाठविले. एक धारिका लावावयाची आणि सर्वांनी ऐकावयाची. नाशिकरोडच्या कारागृहात आपल्या बराकीत कोण-कोण होते हे कोणी सांगत असे, तर कोणी सत्याग्रहाच्या तुकडीत घोषणा देण्यासाठी बाजाराचा दिवस का निवडला ते. एका मुद्रणातील आवाज पहिली चार मिनिटे कोणालाच ओळखता आला नाही. मग बोलणाऱ्याला खोकला आला आणि कोपऱ्यात बसलेल्या एका वहिनी म्हणाल्या, “हे आमच्याकडचेच.” पुढचे त्यांनी ऐकले नाही, त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. अर्ध्या तासाने आत येऊन त्यांनी विचारले, “मी एकोणीस महिने घर कसे चालविले, ते ह्यांनी सांगितले आहे का?” आम्ही मुद्रण शेवटपर्यंत ऐकले होते. त्यात ते नव्हते. आम्ही २०१३ मध्ये त्या घरी गेलो, चहा घेतला, आणि त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

याच बैठकांच्या काळात शेजारच्या गावातील एका वृद्ध मातेच्या पेटीतून, जुन्या लुगड्यांच्या घडीखालून, एक पिवळा कागद निघाला. १९७६ मधील भूमिगत पत्रक. वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना कोठे अटका झाल्या, कोण कोणत्या कारागृहात आहे, ही माहिती अशा पत्रकांतून घरोघर जात असे. मेणकागदावर लेखणीने अक्षरे कोरावयाची, सायक्लोस्टाइल यंत्राच्या रुळावर तो चढवावयाचा, शाई लावून हाताने फिरवावयाचे. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावून, रात्रीच्या वेळी. सापडल्यास अटक ठरलेली. तरीही त्या कागदाला पन्नास वर्षे होत आली आणि तो वाचता येतो. शाई थोडी फुटली आहे, एवढेच.

हा कागद समोर ठेवून मी पुष्कळ वेळ विचार करीत होतो. संघावर ४ जुलै १९७५ रोजी बंदी आली होती. कार्यालयांना टाळे लागले होते. कागद जवळ बाळगणे धोक्याचे होते. अशा काळात केलेली नोंद आपल्याला मिळते, आणि स्वातंत्र्याच्या, सुबत्तेच्या काळात, पंख्याखाली बसून केलेली नोंद एका सकाळी नाहीशी होते. याचे कारण कागद श्रेष्ठ आणि संगणक कनिष्ठ, असे मुळीच नाही. ते पत्रक शंभर-दोनशे घरांत गेले होते. त्यांतील बहुतेक प्रती जाळल्या गेल्या, विहिरीत टाकल्या गेल्या, पोलिसांनी नेल्या, एक उरली. आमच्या मुलाखतींची प्रत एकाच जागी होती. जे विखुरलेले होते ते टिकले आणि जे आम्ही ‘एकत्र, सुरक्षित’ ठेवले होते ते बुडाले. घरोघरी संपर्क हा ज्या संघटनेचा प्राण, तिला हे सांगण्याची पाळी यावी, याचे वैषम्य वाटते.

येथे एका अवघड मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. प्रसिद्धिपराङ्मुखता हा आपल्या कार्यपद्धतीतील एक मोठा गुण आहे. कार्य करावे, नाव मागू नये. पायाच्या दगडाप्रमाणे राहावे, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या झाला आणि त्यातूनच हजारो नि:स्वार्थ आयुष्ये उभी राहिली. परंतु प्रसिद्धी आणि नोंद या दोन गोष्टी भिन्न आहेत. स्वत:चे नाव वृत्तपत्रात येऊ न देणे हा संयम झाला. आपल्या सहकाऱ्याने भोगलेल्या कारावासाचा दिनांक लिहून न ठेवणे हा संयम नव्हे; ते निव्वळ आळसाचे सोवळे रूप आहे. ‘आपल्याला कशाला हवे ते?’ या वाक्याखाली आपण किती दप्तरे, किती छायाचित्रे, किती पत्रव्यवहार हरवू दिला, याचा हिशेब प्रत्येक नगराने आपापला मांडून पाहावा. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणीबाणीतील बंदीजनांना मानधन देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी तुरुंगवासाचा कागद शोधण्यासाठी आमच्या तालुक्यातील वृद्ध कार्यकर्त्यांची झालेली धावपळ मी पाहिली आहे. मानधन घ्यावे की घेऊ नये, हा ज्याच्या-त्याच्या विवेकाचा प्रश्न होता. पण आपण कारागृहात होतो, हे सिद्ध करण्यासाठी कारागृहाच्याच दप्तराकडे हात पसरावा लागावा?

आपला इतिहास इतरांनी विकृत लिहिला, अशी तक्रार या पृष्ठांवरून अनेकदा मांडली गेली आहे. ती निराधार नाही. परंतु इतिहास साधनांवर लिहिला जातो आणि साधने ज्याच्याजवळ असतील त्याचा शब्द टिकतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हे ओळखले होते. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि बोहारणीच्या टोपलीत जाऊ पाहणाऱ्या रुमालांतून त्यांनी कागद सोडविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड सिद्ध केले. नालंदेची ग्रंथालये जळली, हे आपण आवेशाने सांगतो. पण त्याच आवेशाने हेही सांगितले पाहिजे की, महाराष्ट्रातील असंख्य पोथ्या कोणा आक्रमकाने जाळल्या नाहीत. त्या वाळवीने खाल्ल्या, आणि ‘आता कोण वाचणार’ असे म्हणून त्या-त्या घराच्या वारसांनीच विधिपूर्वक नदीत सोडल्या.

आपली मूळ परंपरा अशी नव्हती. वेदांचे जतन मौखिक परंपरेने झाले, एवढे सर्वांना ठाऊक असते. ते कोणत्या शिस्तीने झाले, याचा विचार क्वचित होतो. संहिता, पद, क्रम, जटा, घन असे एकाच मंत्राचे निरनिराळे पाठ. घनपाठात पहिला शब्द, दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, मग उलट क्रमाने तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा सुलट, अशी साखळी गुंफली जाते. एक स्वर चुकला, एक अक्षर गळले, तर ते पुढच्याच वळणावर उघडे पडते. केवळ साठवण नव्हे, तर साठविलेले शुद्ध आहे की नाही याची अखंड तपासणी, आणि तीही एका मुखावर न सोपविता दूरदूरच्या शेकडो घरांत. युनेस्कोने २००३ मध्ये या पठणपरंपरेला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले. आज संगणकतज्ज्ञ ज्याला प्रतींची पडताळणी म्हणतात, तिचे तत्त्व याहून वेगळे नाही. मात्र या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी घरातील एकमेव डिस्कची प्रत कधी उघडून पाहिली आहे?

बिघडलेल्या प्रतींतून शुद्ध पाठ परत मिळविण्याचे उदाहरण तर मराठी माणसाच्या देवघरातच आहे. शके १२१२ मध्ये सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी पुढे हस्तलिखितांतून फिरत राहिली. लेखकांचे प्रमाद शिरले, पदरच्या ओव्या मिसळल्या. जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, संत एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. उपलब्ध प्रती ताडून पाहणे, भेद ओळखणे आणि स्वत:चे काही न घुसविता मूळ पाठ सिद्ध करणे, असे ते काम होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हीच रीत आधुनिक शिस्तीने महाभारताला लावली. १९१९ मध्ये हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली; त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील ती हस्तलिखिते काश्मीरपासून केरळपर्यंतची होती. एखाद्या राजाने महाभारताची ‘एकच अधिकृत प्रत’ एका कोषागारात ठेवली असती तर? एका आगीचे काम होते.

कोणाला हे भावुक वाटेल. म्हणून आजच्या काळातील गोष्ट सांगतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला आग लागली. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेला हा देश. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांच्या धारिका ज्या सामाईक कोठारात ठेवल्या जात, त्याची दुसरी प्रत इतरत्र नव्हती, कारण ते फार मोठे होते. ८५८ टेराबाइट माहिती जळून गेली. याउलट आपल्या देशातील घटना. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या संगणकांवर आक्रमण झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलुपात टाकली. जवळपास दोन आठवडे तेथील डॉक्टर आणि कर्मचारी कागद आणि लेखणी घेऊन काम करीत होते. अखेर रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या, कारण एका वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत हल्ल्यातून सुटली होती. २०१७ मध्ये एका प्रचंड डॅनिश जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा अशाच आक्रमणात काही तासांत पुसली गेली. तिच्या मूळ रचनेची एकमेव वाचलेली प्रत मिळाली ती आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती, म्हणून तो संगणक बंद होता. आपल्याकडे भारनियमनाला शिव्या देणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे!

पूर तर आपल्याला नवा नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय पुणेकरांच्या घराघरांतील कागदपत्रे घेऊन गेला. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाला वाशिष्ठीच्या पाण्याने वेढले. संगणक आणि त्याची प्रत एकाच कपाटात ठेवली, तर पाण्याच्या लेखी ती एकच प्रत आहे.

उपाय अवघड नाही. जाणकार मंडळी तीन-दोन-एक असे सूत्र सांगतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक निराळ्या गावी असावी. शाखांचे वार्षिक वृत्त, सेवाप्रकल्पांची हिशेबपत्रके, विद्यार्थी वसतिगृहांची नोंदणी, जुनी छायाचित्रे यांची एक डिस्क नगर कार्यालयात आणि दुसरी दुसऱ्या तालुक्यातील कार्यकर्त्याच्या घरी असावी. महिन्यातून एकदा ती अद्ययावत व्हावी. तिसरी प्रत, महत्त्वाच्या मजकुरापुरती, चांगल्या कागदावर मुद्रित करून बांधून ठेवावी. सहा महिन्यांनी एकदा प्रतीतील चार धारिका प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. जुन्या फाँटातील मजकूर तो फाँट जाणणारी पिढी आहे तोवर युनिकोडमध्ये आणावा. आणि धारिकेला नाव देताना माणूस, गाव, दिनांक लिहावा. ‘नवीन १’, ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’ अशी नावे देणाऱ्यांना काय म्हणावे, हे मी कार्यालयाबाहेरच बोलतो.

‘आता सारे क्लाउडवर असते, चिंता कशाला?’ असे तरुण कार्यकर्ते म्हणतात. ती सोय जरूर वापरावी. निराळ्या गावची प्रत म्हणून ती उपयोगीही आहे. परंतु क्लाउड म्हणजे आकाश नव्हे, तो कोणाचा तरी संगणकच आहे, बहुधा परदेशी कंपनीचा, आणि त्या कंपनीचे नियम तिच्या सोयीने बदलतात. गूगलने २०२३ मध्ये धोरण जाहीर केले आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्या वर्षअखेरीपासून पुसण्यास प्रारंभ केला. आजोबांच्या निधनानंतर त्यांच्या भ्रमणध्वनीतील तीर्थयात्रेची छायाचित्रे, आवाजी निरोप, हाताने लिहून छायाचित्र काढलेली कुलवृत्तांताची पाने यांचे काय होणार, हे घरातील मोठ्यांनी असतानाच ठरवावे. पूर्वी आजीच्या पेटीची किल्ली कोठे आहे, हे निदान एका सुनेला ठाऊक असे.

आमचे पुस्तक २५ जूनला निघू शकले नाही. ते डिसेंबरात निघाले, ३८ मुलाखतींचे. सात तुटक मुद्रणांतील गळलेल्या जागी आम्ही टिंबे दिली. स्वत:च्या शब्दांनी ती भरली नाहीत. ज्या पाच जणांच्या मुलाखती गेल्या, त्यांची नावे आणि गावे शेवटच्या पृष्ठावर दिली. त्यांपैकी दोघे हयात आहेत; एकांकडे जाऊन पुन्हा मुद्रण झाले. दुसऱ्यांना आता काही आठवत नाही. ते केवळ हसतात आणि जेवून जा म्हणतात.

त्या वहिनींची मुलाखत मात्र नव्याने घेतली, एकोणीस महिन्यांची, सव्वा तासाची. पुस्तकात तिला जागा मिळाली नाही, पुढच्या आवृत्तीत मिळेल. तिच्या तीन प्रती झाल्या असून एक सातारा जिल्ह्यात आहे. २१ क्रमांकाच्या मुद्रणातील आवाज कोणाचा, हे अद्याप उलगडलेले नाही. बोलणारा माणूस आपल्या धाकट्या भावाविषयी फार बोलतो आणि मध्ये कोठे तरी पिठाच्या गिरणीचा आवाज येतो. पुस्तकात ती मुलाखत नावाविना छापली आहे. येत्या रविवारी पलीकडच्या खोऱ्यातील दोन गावांची मंडळी ती ऐकायला येणार आहेत.